अर्ध्या तासावर थांबणारी गाडी

तोडोमे, १२ जानेवारी १९९३

अगोसू मामा,

घरची माणसं नीट उठली ना? मामी, शेजारपाजारचे, सगळे? इथे आम्ही सगळे उठलो, फक्त तुमची गाडी वाटेत झोपते. त्यासाठीच हे पत्र.

नाताळात तुम्ही ती पाठवलीत तेव्हा सगळा गाव आरोग्य केंद्रापुढे जमला होता. म्हाताऱ्यांनी चाकांवर मद्य शिंपडलं, बायकांनी गाणी म्हटली, आणि मी, या डोंगरावरची एकुलती एक सुईण, स्टिअरिंगवर हात ठेवून फोटो काढून घेतला. त्यानंतर तीनदा होहोएच्या हॉस्पिटलला निघाले आणि तिन्ही वेळा मधेच बसले. चौतीस किलोमीटरची वाट. अर्धा तास गाडी छान पळते. मग आचके द्यायला लागते आणि बंद पडते. किल्ली फिरवली की नुसती घुर्रघुर्र करते, पेटत नाही. रस्त्याकडेला अर्धा तास बसायचं, मग तीच गाडी काही झालंच नाही अशी सुरू होते. तिला बघून मलाच लाज वाटते.

मामा, ही थट्टा नाही. इथे एक बाई आहे. तिचं पहिलं मूल पोट कापून काढलेलं. दुसरं मार्चच्या मध्याला येईल. होहोएचे डॉक्टर म्हणाले, कळ आली की तासाभरात ती त्यांच्या टेबलावर हवी, नाहीतर जुनी शिवण आतून उसवेल आणि मग दोघंही हाती लागायची नाहीत. आधीच खाली येऊन राहा म्हटलं तर ती ऐकत नाही. नवरा लाकडाच्या ट्रकवर, आठवडे आठवडे बाहेर. पाच वर्षांचा मुलगा पदरात. शहरात कुणी ओळखीचं नाही. म्हणजे माझ्या हातात एक तास आहे, आणि त्यातला अर्धा तुमची गाडी खाते.

एकदा वर येऊन बघून जा ना. पत्र क्लुत्से ड्रायव्हरच्या हाती देतेय. तो मंगळवारी खाली उतरतो, शनिवारी वर येतो. उत्तर त्याच्याच हाती द्या.

तुमची भाची
एन्योनाम


कोकोंपे, आक्रा, १६ जानेवारी

एन्योनाम,

आम्ही उठलो. क्लुत्सेनं पत्र सुकटाच्या टोपलीत ठेवून आणलं, त्यामुळे तुझ्या तक्रारीला वासही आला.

"तुमची गाडी झोपते" म्हणे! अगं, तीस वर्षं मी याच गल्लीत हात काळे करतोय. ही गाडी छोटी आहे, जुनी आहे, कबूल. पण तिचा शेवटचा स्क्रूसुद्धा मी सोडवून, धुऊन परत बसवलाय. टाकीचं मूळ झाकण हरवलं होतं तर लेथवर नवीन कातलं, कुलपासकट, तुमच्या डोंगरावर कुणी नळी घालून पेट्रोल ओढू नये म्हणून. बाजारात असलं झाकण मिळायचं नाही.

तू सांगतेस ते दुखणं मला ओळखीचं आहे. इंजिनाला ठिणगी पुरवणारी कॉइल असते. ती तापली की आतली तार सुटते, निवली की पुन्हा चिकटते. अर्धा तास तापायला, अर्धा तास निवायला. नवी कॉइल पाठवतोय. दोन स्क्रू आणि तीन तारा, गावातला सायकलवालासुद्धा बसवेल. त्याला फक्त सांग, तारा जशा काढल्या तशाच लाव, स्वतःचं डोकं चालवू नको.

वर येणं जमणार नाही. गुडघा चढ सोसत नाही.

त्या बाईचं नाव लिहिलं नाहीस. नको लिहूस. पण तिला सांग, गाडी अगोसूनं बांधलीय, निर्धास्त बस.

तिकडच्या बाकी माणसांची चौकशी मी करत नाही.

तुझा मामा


तोडोमे, २ फेब्रुवारी

मामा,

घरची माणसं उठली ना? गुडघा उठला का?

फोली सायकलवाल्यानं कॉइल बसवली. बसवायच्या आधी मी सगळी गाडी साबण लावून धुतली, नव्या नवरीसारखी. पहिल्या खेपेला होहोएपर्यंत एका दमात गेली आणि एका दमात आली. फोली बाजारभर "आक्र्याच्या मास्तरांनी आणि मी" असं सांगत फिरला. चार दिवसांनी परत निघालो तर पुन्हा त्याच वळणावर बसली, आंब्याच्या झाडाखाली. त्या झाडाखालच्या मुंग्यासुद्धा आता मला ओळखतात.

आता तर गावातला जो तो गाडीचा डॉक्टर झालाय. फोली इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपावर ओलं फडकं ठेवतो. शाळेचे हेडमास्तर बॉनेट उघडून तिला वारा घालतात. चर्चच्या आत्याबाई चाकावर हात ठेवून प्रार्थना म्हणतात. अर्ध्या तासानं गाडी सुरू होते आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्याच औषधानं बरी झाली. मागच्या शुक्रवारी केळ्यांच्या ट्रकवाल्यानं तर औषधच नाकारलं. म्हणाला, "बाई, पेट्रोल संपलं असेल." टाकी उघडून एक गॅलन ओतलं आणि गाडी तिथल्या तिथे सुरू! अर्धा तास थांबावंच लागलं नाही. काटा तर अर्धी टाकी दाखवत होता.

आणखी एक. टाकी काठोकाठ भरलेली असली की ती लवकर बसते, निम्मी असली की जरा उशिरा. पोट भरलं की झोपायचं, अगदी तुमच्यासारखं.

गुडघ्याचं म्हणाल तर मामीनं कळवलंय की मागच्या महिन्यात तुम्ही केटाला मयताला गेलात आणि तीन दिवस नाचलात. तिथे गुडघा तुमच्याबरोबर गेला नव्हता का?

सहा आठवडे राहिलेत, मामा. त्या बाईचं पोट बघितलं की मी दिवस मोजायला लागते. काल तिनं विचारलं, "गाडी नीट झाली ना?" मी हो म्हणाले. रुग्णाशी खोटं बोलायचं नाही असं मला शिकवलंय, आणि मी बोलले.

एन्योनाम


कोकोंपे, ६ फेब्रुवारी

एन्योनाम,

तुझा पेट्रोलचा काटा खोटं बोलतोय, त्या ट्रकवाल्याचं बरोबर आहे. आणि भरल्या टाकीचं जे लिहिलंस ते मनातून काढ. गाडीला पोट नसतं. तीस वर्षांत मी असं ऐकलं नाही, म्हणजे ते नाही.

कॉइल नसेल तर पंप. आतला रबरी पडदा जुना झाला की तापल्यावर ढिला पडतो. पंप आणि नवीन नळी क्लुत्सेबरोबर पाठवतोय. नळी गरम पायपापासून चार बोटं लांब बांधायला सांग. या खेपेला चुकणार नाही.

मयताला नाचावंच लागतं. त्यात गुडघा मधे येत नाही.

तू मामीकडून बातम्या काढतेसच, तर उघड बोलतो. तोडोमेत एक घर आहे. सहा वर्षांपूर्वी, मुलीनं मला न जुमानता लग्न केलं त्या दिवशी, सगळ्यांसमोर उभं राहून मी बोललो की तुझ्या घरचं पाणी माझ्या तोंडात जाणार नाही. आता मी तुमच्या गावात आलो आणि तिनं दारात येऊन पाण्याचा वाडगा पुढे केला तर काय करू? घेतला तर माझा शब्द गेला. नाही घेतला तर सगळ्या गावादेखत तिचा अपमान, दुसऱ्यांदा. म्हणून गुडघा दुखतो. कळलं?

मामा


तोडोमे, २३ फेब्रुवारी

मामा,

आज कोण उठलं, कोण नाही, विचारायची ताकद नाही.

पंप बसवला. नळी चार बोटं लांब बांधली. शनिवारी सकाळी पलीकडच्या वस्तीतल्या एका बाईला घेऊन निघाले. मूल आडवं होतं. आंब्याच्या वळणावर गाडी बसली. मी किल्ली फिरवत राहिले, ती ओरडत राहिली. शेवटी किल्ली सोडली आणि मागच्या सीटवर गेले. मूल मी तिथेच फिरवलं, तिथेच काढलं. कसं ते मला विचारू नका, मलाही सांगता यायचं नाही. दोघं जगली. बाईचं इतकं रक्त गेलं की तिच्या ओठांना रंग उरला नव्हता. मग गाडी सुरू झाली, मामा. सगळं आटोपल्यावर सुरू झाली, शहाण्यासारखी.

आता एकही बाई तिच्यात बसायला तयार नाही. "रस्त्यावर बाळंत व्हायचं तर पायी जाऊ" म्हणतात. पंच म्हणतात, गाडी आक्र्याला परत पाठवा, तिच्यावर कुणाची तरी नजर आहे. मी त्यांच्याशी भांडून आले, पण कशाच्या जोरावर भांडले ते मला ठाऊक नाही.

तुम्हाला राग आला तर येऊ द्या, पण आता लिहिते. मी ज्या बाईसाठी इतके दिवस जीव टाकतेय ना, ती जिफा आहे. तुमची जिफा. तिनं मला बजावलं होतं, बापाला कळवायचं नाही. पाच वर्षांचा तो मुलगा तुमचा नातू आहे, त्याचे कान तुमच्यासारखे बाहेर आलेत. गाडी कुणी पाठवली हे मी तिला सांगितलं नाही. तीन आठवडे राहिलेत.

एन्योनाम


कोकोंपे, २७ फेब्रुवारी

एन्योनाम,

पत्र मिळालं त्या दिवशी मी कुणाच्या गाडीला हात लावला नाही.

ती गाडी तुझ्या आरोग्य केंद्रासाठी घेतलेली नव्हती. जिफाच्या लग्नात द्यायची म्हणून घेतली होती. मग ते सगळं झालं आणि ती सहा वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. दर रविवारी मी तिचं इंजिन सुरू करायचो. मामी म्हणायची, विकून टाका. शेवटी तुला पाठवली. म्हटलं, त्या गावात तर असेल. कधीतरी तिला लागेल. तिला कळायचंही नाही.

आता मला मदत कर. तू रुग्णाला कसं विचारतेस? "काय खाल्लं, काय प्यायलं, कुणी काय झाडपाला दिला, लाजू नको, सगळं सांग." तसंच मला सांग. गाडी आल्या दिवसापासून तिला जे जे केलं ते सगळं. इंजिनाचं तर सांगच, पण पुसलं, रंगवलं, बांधलं, टांगलं, चिकटवलं, काहीही. तुला क्षुल्लक वाटतंय म्हणून काही गाळू नको. एवढं लिही.

मामा


तोडोमे, २ मार्च

मामा,

तुमचं पत्र वाचून मी आतल्या खोलीत जाऊन रडले आणि मग गाडीभोवती वही घेऊन फिरले. जे दिसलं, आठवलं, ते लिहितेय.

मागच्या सीटवर मेणकापड टाकलंय. आरशाला चर्चच्या आत्याबाईंनी लाल दोरा बांधलाय. मागच्या काचेवर फोलीनं पांढऱ्या रंगात "सावकाश, आत बाळ आहे" असं लिहिलंय. एक्झॉस्टचा पाइप खाली लोंबत होता तो तारेनं वर बांधला. हॉर्न वाजत नव्हता, आता वाजतो, पण उजवीकडे वळताना आपोआप वाजतो. डाव्या दाराला आतून कडी लावलीय. टाकीच्या झाकणावर चिकटपट्टी लावलीय. चाकांत हवा फोली सायकलच्या पंपानं भरतो, एका चाकाला पाऊण तास लागतो. वायपर एकच आहे.

चिकटपट्टी आपली दवाखान्यातली, जखमेची. पहिल्याच दिवशी मी गावातल्या पोटुशा बायकांना हौसेनं फिरवून आणलं तर दोघी ओकल्या. पेट्रोलचा वास येतो म्हणाल्या. बघितलं तर तुमच्या झाकणाला मधोमध सुईएवढं भोक. कातताना राहिलं असेल, कधीतरी चुकतं माणूस, म्हणून तुम्हाला लिहिलं नाही. दोन थर पट्टी लावली, वास बंद. दर सोमवारी नवी लावते. कॉइलच्या वेळी गाडी धुतली तेव्हा ती सुटली होती, त्या खेपेनंतर पुन्हा लावली.

एवढंच. यात काही सापडतंय का?

एन्योनाम


कोकोंपे, ३ मार्च

एन्योनाम,

पट्टी काढ. वाचतेस तिथून उठ, आधी काढून ये, मग पुढचं वाच.

शनिवारपर्यंत थांबवत नाही म्हणून हेच पत्र तीन ड्रायव्हरांच्या हाती तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी पाठवतोय. एक तरी पोचेल.

ते भोक चुकून राहिलेलं नाही. मी सुईनं पाडलंय. टाकीतलं पेट्रोल जसं खाली जातं तशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून ओतून बघ, धार तुटते. दुसरं भोक पाडलं की ओघळ लागतो. तू हवेची वाट बंद केलीस, टाकीनं आतून ओढ धरली, पंप तिच्याशी अर्धा तास झगडायचा आणि हरायचा. तुम्ही झाडाखाली बसलात की पट्टीच्या कडेनं थोडी थोडी हवा आत जायची, आणि मग फोलीचं फडकं बरोबर ठरायचं. भरल्या टाकीत हवा कमी, म्हणून ती लवकर हरायची. ट्रकवाल्यानं झाकण उघडलं तिथेच तिनं श्वास घेतला. हे सगळं तू मला महिन्यापूर्वीच लिहून पाठवलं होतंस. मी तुला म्हणालो, मनातून काढ.

आणि झाकण माझ्या मनात पहिल्याच दिवशी आलं होतं. पण भोक मीच पाडलंय, तेव्हा तिथे काय बघायचं, असं म्हणून पुढे गेलो. माझ्या हातचं काम चुकू शकत नाही ना! तू बायकांना ओकाऱ्या होऊ नयेत म्हणून पट्टी लावलीस. त्यात तुझं काही चुकलं नाही. भोक कशासाठी आहे ते मी सांगितलंच नाही. मी आयुष्यात कुणाला कशाचं कारण सांगितलं नाही. हे असं, हे तसं, आणि विषय संपला.

जिफालाही नाही सांगितलं. ड्रायव्हरला मुलगी देणार नाही, एवढंच बोललो. सगळ्यांना वाटलं, मास्तरला माज आलाय, जावई हलका वाटतो. अगं, लाकडाचे ट्रक वाटेवर उलटले की कुठे येतात? माझ्याकडे. त्यांच्या रक्तानं भरलेल्या सीटा कोण धुतं? मी धुतो, कारण दुसऱ्या कुणाला ते सांगवत नाही. तिचा मावुको चांगला मुलगा आहे हे मला तेव्हाही दिसत होतं. मला फक्त त्याची सीट धुवायची नव्हती. एवढं एक वाक्य मी तिला त्या दिवशी बोललो असतो तर सहा वर्षं वाचली असती.

पट्टी काढलीस ना?

मामा


होहोए हॉस्पिटल, ८ मार्च

मामा,

पहिलं सांगते, सगळे आहेत. सगळे उठले.

तुमचं एक पत्र शनिवारी दुपारी पोचलं, बाकी दोन अजून कुठे भटकतायत. पट्टी काढली. झाकण उघडलं तर आत फुस्स झालं, इतका मोठा आवाज की मी मागे सरले. गाडी चालवून बघू म्हणेतो काल सकाळी, चर्चची घंटा वाजत असताना, जिफाचा मुलगा धावत आला. आठवडाभर आधीच कळा सुरू झाल्या होत्या.

आणि जिफा गाडीत बसेना! बॉनेटला पाठ लावून उभी राहिली. "त्या बाईचं काय झालं ते सगळ्या गावानं बघितलंय. मी घरीच राहते, जे व्हायचं ते होईल." मी ओरडले, हात जोडले, घड्याळ दाखवलं. शेवटी दुसरं काही सुचेना म्हणून तुमचं पत्र तिच्या हातात दिलं. तिनं दोन कळांच्या मधे उभ्याउभ्या वाचलं. सीटा धुण्याच्या ओळीपर्यंत आली आणि थांबली. पुन्हा वाचलं. मग मागचं दार उघडून बसली. मी किल्ली लावली तेव्हा म्हणाली, "ही तीच निळी गाडी ना? ताडपत्रीखालची? मला वाटलं होतं, विकली."

आंब्याचं वळण आलं. मागे ती कळ दाबून होती, तिच्या मांडीवर मुलगा होता. गाडीनं एक आचका दिला. मामा, मी घड्याळाकडे बघितलं. पण तो रस्त्यातला खड्डा होता. झाड मागे गेलं. उजवं वळण आलं, आपोआप हॉर्न वाजला आणि जिफा हसली. कळा देत देत हसली.

बावन्न मिनिटं. डॉक्टर म्हणाले, शिवण कागदासारखी पातळ झाली होती, आणखी अर्धा तास टिकली नसती. मुलगी आहे. मावुकोला निरोप धाडलाय.

आज सकाळी जिफाला विचारलं, बापाला काय लिहू? तिनं बाळाचं दुपटं नीट केलं. मग म्हणाली, "आठव्या दिवशी बाळाला बाहेर काढून नाव ठेवायचंय. म्हणावं, दारात पाणी ठेवलेलं असेल. त्यांनी आमच्या सगळ्या भाऊबंदांचे शब्द मागे घ्यायला लावलेत. कसे घेतात ते त्यांना मी शिकवायला नको."

खरंच नको. लहानपणी तुम्ही मला आणि माझ्या भावाला अंगणात उभं केलं होतंत. त्याच घरचं पाणी तोंडात धरायचं, तीनदा उंबऱ्याबाहेर टाकायचं, चौथा घोट प्यायचा, आणि बोललेलं बोललं गेलंच नाही असं समजायचं.

गुडघ्याचं काय ते कळवा.

एन्योनाम


कोकोंपे, १३ मार्च

एन्योनाम,

हे पत्र क्लुत्सेच्या हाती दिलेलं नाही. मी त्याच्या शेजारी बसलोय, पत्र माझ्या खिशात आहे. मामी मागे बसलीय, तिच्या मांडीवर मक्याच्या पिठाची पिशवी आणि माझ्या हत्यारांची पेटी. तो हॉर्न दुरुस्त करणार नाही, भिऊ नको.

पोचलो की तू दारात थांब. मला बघून धावू नको, बोलायला लावू नको. मी आधी पाणी घेईन. खालचा कागद तेव्हाच जिफाच्या हातात दे.

जिफा, मी हे लिहून आणलंय, कारण तू वाचशील तेव्हा माझ्या तोंडात पाणी असेल आणि मला बोलता यायचं नाही. ते बरंच आहे. बोलता आलं असतं तर मी पुन्हा गुडघ्याचंच काहीतरी बोललो असतो. माझं चुकलं. कारण सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, आणि तू सहा वर्षं कोंडमाऱ्यात राहिलीस. आता तीनदा बाहेर टाकतो. चौथा घोट तुझ्या हातचा दे, वाडगा मला धरता येणार नाही.